पहिल्या पानावरचा गुंडा

“नीट बघा, आई. डावीकडून तिसरा.” संपादक आप्पासाहेबांनी पलटणीचा फोटो साळूबाईपुढं सरकवला.

साळूबाई जतहून पहिल्या एस.टी.नं सांगलीत आली होती. वीरमातेनं ताबडतोब यावं, असं आप्पासाहेबांचं कार्ड गेलं होतं. पासष्टच्या लढाईला दोन वर्षं होत होती आणि त्या स्मृतिदिनाच्या अंकाचं पहिलं पान तिच्या गुंडासाठी राखलं होतं. अडचण एवढीच, की दोन वर्षांमागं छापलेला चेहरा गुंडाचा नव्हता.

तेव्हा छापखान्यात जवानाच्या चित्राचा एकच ब्लॉक होता, कुठल्याशा जाहिरातीतून उरलेला, मिशीवाला, रुबाबदार. तोच लावला. अंक हातोहात खपला. कोरेगावाकडच्या तिच्या गावानं ते चित्र चौकटीत घालून शाळेत टांगलं, वेशीवर कमान उभारली, बारा पोरं भरतीला गेली. साळूबाई मात्र गाव सोडून जतकडं भावाच्या वस्तीवर राहायला गेली. आणि आता गुंडाच्या पलटणीतल्या सयाजी हवालदारानं हा खरा फोटो पाठवला होता.

“गावात कुणी म्हणालं नाही, हा गुंडा नव्हे म्हणून?”

“पयल्या दिशी म्हणाली की. मग म्हणाली, पेपरात हाय म्हंजे त्योच आसंल. पलटणीत मिशा फुटल्या आसतील.”

आप्पासाहेब खूश झाले. मग खजील व्हायला हवं हे ध्यानात येऊन चष्मा पुसू लागले.

“तारंत नुसतं बेपत्ता हुतं, सायेब,” साळूबाई म्हणाली. “धारातीर्थी तुमी पाडला.”

“बेपत्त्याला पहिलं पान मिळत नाही, आई.”

तिचा अंगठा फोटोवरून फिरत होता. तिसऱ्या पोराच्या डाव्या कानाची पाळी अर्धीच होती. अंगठा तिथं थांबला.

“लय वाळलेलं दिसतंय पोरगं,” ती म्हणाली.

“चहा सांगतो. खाली तुमच्याबरोबर कुणी आहे ना?”

“बिराप्पा. भावाच्या मेंढरांमागं आसतो. माणसांत यायला बुजतो. ऱ्हाऊ द्या त्याला.”

“मग हा छापू? खरा चेहरा घरोघरी जाईल. तुमच्या जतच्या वाड्यावस्त्यांवरसुद्धा.”

साळूबाईनं फोटो डोळ्यांजवळ नेला. इतका वेळ, की आप्पासाहेबांना खाकरावं लागलं.

“ह्यो माझा न्हवं.”

“अहो, हवालदारानं लिहून दिलंय! लहानपणी कुत्र्यानं कान तोडला होता म्हणे.”

“जल्म काय हवालदारानं दिला व्हय? माझ्या लेकराचं दोनी कान धड हुतं. त्यो मिशीवालाच माझा गुंडा. त्योच छापा.”

आप्पासाहेबांनी हसू मिशीत दाबलं. गाव राहू दे, पेपरानं आईचीसुद्धा खात्री पटवली होती! दुरुस्तीची चौकट त्यांनी तिथल्या तिथं खोडली आणि जुना ब्लॉक पुसून ठेवायला सांगितला.

“ह्यो फोटू मी नेऊ?”

“तुमचा नाही म्हणता, मग कशाला?”

“कुणाचं तरी लेकरू हाय, सायेब. हितं धूळ खात पडंल.”

खाली जिन्यापाशी घोंगडीची खोळ कपाळावर ओढून बिराप्पा बसला होता. साळूबाईनं फोटो त्याच्या हातात दिला. त्यानं तो बराच वेळ बघितला. मग खोळ मागं सारून अर्ध्या पाळीचा कान खाजवला आणि हळूच विचारलं, “आये, मिशीवालाच छापणार न्हवं?”