मार्क कापलेलं वाक्य

"आई, डॉक्टरांचं बोलणं ऐकून रिपोर्ट टाईप करायचा कोर्स ऑनलाइनही असतो. घरबसल्या शिक की!" एवढं सांगून मुलाने फोन ठेवला. डोंबलाचं घरबसल्या! त्या घरात फ्रिजशिवाय कुणी आवाज करत नव्हतं. चार माणसं भेटतील म्हणून तिने पायपीट करून एक क्लास शोधला. तिथे सगळे कानाला हेडफोन लावून, भिंतीकडे तोंड करून बसलेले. बोलायची सक्त मनाई.

परीक्षेत मॅडम खेकसल्या, "काकू, 'दमला असाल, जरा डोळे मिटून बसा,' हे कशाला टाईप केलंत? ते रिपोर्टमधलं नाही, रेकॉर्डिंगमधले डॉक्टर टाईप करणाऱ्याला म्हणतायत. मार्क गेले ना!"



"जाऊ देत. इथे आल्यापासून माझ्याशी कुणी बोललं ते तेवढंच."