पाठमोरी पारख

"वळायचं नाही हं," बायकोने दटावलं. "चोरून बघितलंत तर मी वाजवणार नाही."

तो निमूटपणे भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. बास गिटार निवडायची त्याची रीत ठरलेली होती. आपण पाठ फिरवायची, वाजवायचं दुसऱ्या कुणी, आणि निकाल द्यायचा तो फक्त कानाने. हातात घेतली की माणूस रंगाला भुलतो, असं तो म्हणायचा. लग्नाच्या वेळी भुललात तसे, असं यावर बायको म्हणायची.

दुकानदाराने दोन्ही गिटारी स्टँडवर उभ्या केल्या. एक मधाच्या रंगाची, दुसरी काळी. दोन्ही हाताने घडवलेल्या, एकीत खोट काढावी तर दुसरीला राग येईल अशा. जुनी गिटार विकून झाली होती. पुढच्या आठवड्यात बँडबरोबर मोठा दौरा होता, आणि आजवर त्याचं घर या एकाच वाद्यावर चाललं होतं.

"फ्रिज बदला म्हटलं, तर यांनी गिटार काढली," बायकोने दुकानदाराकडे तक्रार केली.

"फ्रिजला काय धाड भरलीय?" भिंतीकडून उत्तर आलं. "मेकॅनिक येऊन गेल्यापासून घरघर पार बंद झालीय. हाताला गुण आहे त्याच्या."

बायकोने कपाळावर हात मारला. खर्च टाळायचा असला की हा माणूस दिवसाला रात्र म्हणेल, हे तिला नवीन नव्हतं.

शेजारी दातांचा दवाखाना होता, म्हणून दुकानदाराने स्पीकरचा आवाज बेताचाच ठेवला. तिने मधाच्या रंगाची गिटार मांडीवर घेतली. तिला गिटारीतलं एवढंच येत होतं: बारीक तारेपासून सुरू करायचं, पायरी पायरीने उतरत जाड तारेवर यायचं आणि तिथे रेंगाळायचं. असल्या निवडीसाठी म्हणून त्यानेच ते शिकवलं होतं.

बारीक तारेवर त्याची मान डोलली. ती उतरत जाड तारेवर आली. दुकानदाराने डोळे मिटून घेतले.

"छान," तो भिंतीकडे बघतच म्हणाला. "आता उतर ना."

"उतरले की."

"कुठे? अर्ध्यातच अडकलीस. नाही शेठ, हिला खर्जच नाही. खाली नुसती पोकळ आहे."

दुकानदाराने खाडकन डोळे उघडले. "खर्ज नाही? अहो उस्ताद, हिच्या खर्जासाठी लोक नंबर लावून बसतात!"

"बसू दे त्यांना. काळी घे गं."

दुकानदार चांगलाच दुखावला होता. त्याने तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत काळी गिटार तिच्या हातात दिली आणि आवाजही थोडा चढवला, दातवाला गेला खड्ड्यात. तिने पुन्हा तेच सुरू केलं. बारीक तार, मधली, मग जाड. या वेळी तिने जाड तारेवर बोटं जरा दाबूनच चालवली. काउंटरमागच्या कपाटाची काच त्या आवाजाने थरथरायला लागली.

"हीही तसलीच," तो वैतागून म्हणाला. "सुरुवात गोड आणि पुढे गप्प. आणि थांबलीस कशाला? ती काच कसली खुळखुळतेय?"

दुकानदाराने बोलायला तोंड उघडलं. तिने मान हलवून त्याला थांबवलं. बोटं मात्र तारेवर चालूच होती. ती थांबली की जे कळलं ते खरं ठरेल, असं काहीतरी तिला वाटत होतं.

शेवटी न राहवून तो वळला. त्याने आधी तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग बोटांकडे.

"वाजवतेयस?"

"हो."

"आत्ता?"

"मघापासून."

तो हसला. बायकोने दुकानदाराला फितवून आपली फिरकी घेतलीय, असं त्याला वाटलं असावं. त्याने दुकानदाराकडे पाहिलं. दुकानदार स्वतःच्या चपलांकडे बघत होता.

मग तो स्पीकरपाशी जाऊन उकिडवा बसला आणि त्याने खोक्यावर तळहात ठेवला. खोकं आतून धडधडत होतं. कानाला मात्र काहीच लागत नव्हतं. रोज वाजवताना गिटार पोटाला टेकलेली असायची. खर्ज अंगात शिरायचा, आणि तो कानातून येतोय असंच तो धरून चालला होता. कधीपासून, ते देव जाणे.

"फ्रिज," तो म्हणाला. "अजून घरघरतो?"

खोटं बोलावं असं तिला फार वाटलं. आजवर कितीतरी बारीकसारीक गोष्टींत ती त्याच्याशी सहज खोटं बोलली होती.

"रोज रात्री," ती म्हणाली.

"मग... कुठली बाजूला काढून ठेवू?" दुकानदाराने विचारलं. त्याला दुसरं काही सुचलं नव्हतं. विचारल्यावर त्याची त्यालाच लाज वाटली.

तिने तारांवर हात ठेवला. काचेची थरथर बंद झाली. तो तसाच उकिडवा बसला होता, डोळे मिटून, तळहात खोक्यावर.

"आता थांबलीस," तो म्हणाला.