विनिफ्रेडची हमखास नऊ मतं

न्यू हॅम्पशरमधल्या आमच्या गावात मतदार मोजून नऊ. राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी पक्षाची प्रायमरी होती, आणि आम्हा नऊ जणांतल्याच विनिफ्रेडने, टॉलंड या उमेदवाराची इथली प्रचारप्रमुख म्हणून, त्याला नऊच्या नऊ मतांचा शब्द दिला होता. टॉलंडही नऊ घरांत बसून पॅनकेक खाऊन गेला होता. सकाळी दहा मिनिटांत निकाल लागला. टॉलंड शून्य. गावात कधीच न फिरकलेल्या, ॲरिझोनाच्या दुसऱ्या उमेदवार बाई, नऊ.

विनिफ्रेडने मतदान केंद्राच्या दाराला आतून कडी घातली. "गद्दार कोण ते कळल्याशिवाय कोणी घरी जायचं नाही."

आम्ही एकमेकांकडे संशयाने बघत बसलो. शेवटी अर्ल म्हणाला, "एक मत माझं. टॉलंड जिंकणारच होता. म्हटलं, त्या बिचारीच्या नावापुढे शून्य नको."

"अरे, मीपण हेच म्हटलं," डोरकस पुटपुटली.

हळूहळू आमचे आठही हात वर झाले.

"आठ गद्दार!" विनिफ्रेड कडाडली. "आता टॉलंडला काय तोंड दाखवू?"

"पण मतं नऊ आहेत," मी म्हणालो.

विनिफ्रेडने कडी काढली.

"मला वाटलं, तुम्ही आठ जण आहातच."