पायाशी बसणारी सून

सून उशाशी म्हणून कधी बसायची नाही. बसायची ती पायाशी, तोंडातून अवाक्षर न काढता. सासूबाईंना हे लक्षण काही बरं दिसत नव्हतं.

जिन्यावरून पडून पाठीचा कणा दुखावल्यापासून त्यांना कमरेखालचं सगळं परकं झालं होतं. डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं, "आजी, हाताची नस हळूहळू पुन्हा वाढते. कण्यातली वाढत नाही. जखमेवर शरीरच व्रणाची भिंत घालतं. तिथली द्रव्यंही नसेला बजावतात, पुढे यायचं नाही."

"माझ्या घरात भिंत, आणि ती मला न विचारता?"

"काही धागे शाबूत असले तर आशा आहे. डोळे मिटा. टोचलेलं कळतंय?"

"नाही," सासूबाई म्हणाल्या. बाईंचा हात अजून पायापर्यंत पोचलाही नव्हता. आशेची भीक त्यांना कुणाकडूनच नको होती.

"पुढच्या तपासणीतही असंच निघालं, तर व्यायाम बंद करू," बाई मुलाला म्हणाल्या. "मग अंथरुणाला खिळलेल्यांच्या संस्थेत ठेवा."

दाराशी सुनेने बाईंना गाठून हळूच विचारलं, "अजून किती दिवस आहेत?"

सासूबाईंचे कान शाबूत होते. दिवस मोजतेय, सटवी.

त्या दिवसापासून त्यांनी पापण्या किंचित किलकिल्या ठेवून झोपेचं सोंग घ्यायला सुरुवात केली. दुपारी सून यायची, बाहीतून टाचणी काढायची. मग पायांवरच्या पांघरुणाच्या डोंगराआड तिचे हात दिसेनासे व्हायचे. डोकं मात्र वर, नजर सासूबाईंच्या तोंडावर. जीव गेला का बघत असणार. सासूबाईंनी चेहऱ्यावरची रेघ हलू दिली नाही. चोराला मुद्देमालासकट धरायचं, तर आधी खोकायचं नसतं.

तपासणीचा दिवस आला. डॉक्टरीणबाईंनी विचारायच्या आत सासूबाई "नाही" म्हणून मोकळ्या झाल्या. बाईंनी बॅग मिटली. मुलगा खिडकीबाहेर बघू लागला. सुनेच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"रडण्याचं नाटक पुरे," सासूबाई कडाडल्या. "रोज दुपारी टाचणी घेऊन बसतेस, ते सांग की बाईंना."

सुनेचा चेहरा पांढराफटक पडला. "आई, तुम्ही तर झोपलेल्या असता."

"झोपलेली? तू सून नाहीस, वैरीण आहेस. करंगळीपासून सुरू करतेस आणि टाचेशी येऊन दाबून धरतेस. काल इतकी खुपसलीस, की अजून ठणकतेय."