न्हाव्याच्या पात्राविरुद्ध आक्षेप

भिकाजी अनारसे यांनी वस्तरा बाजूला ठेवला, जुना सिनेमा चालू असलेल्या दुकानातील पडद्यावर अंगठा टेकवला आणि त्यातल्या न्हाव्याच्या पात्राविरुद्ध आक्षेप नोंदवला. एखाद्या व्यवसायाची चित्रपटात टर उडवली असेल, तर त्या व्यवसायातील एकाच माणसाचा आक्षेप आता पुरेसा होता. आक्षेप नोंदवून घेणारे यंत्र त्या चित्रपटाच्या जगातील प्रत्येक प्रतीत ते पात्र तत्काळ नव्याने घडवीत असे.

खुर्चीतील मोरेश्वर कर्णिक गालावरच्या साबणासह ताडकन उठले. "मागे घे तो आक्षेप! चाळीस वर्षं तूही हा सिनेमा बघून हसलास की!"

"हसलो, कारण गिऱ्हाईक हसत होतं. चुगलखोर, भित्रा, पाटलाचे पाय चेपणारा न्हावी! माझ्या नातीला शाळेत त्याच्याच नावानं चिडवतात, मोरूभाऊ."

"अरे, ते काम माझ्या वडिलांनी केलंय. त्यांचं दुसरं काहीच उरलेलं नाही. त्यांचं हसणं मला फक्त या सिनेमातच ऐकायला मिळतं."

"आणि माझ्या बापाच्या धंद्याची थट्टा मी अजून किती वर्षं ऐकू?"

पडदा उजळला. नवा न्हावी ताठ मानेने पाटलासमोर उभा राहिला आणि त्याने चुगली करण्यास निर्धाराने नकार दिला. चेहरा तोच होता, आवाजही तोच होता. ते हसू मात्र कोठेही नव्हते.

मोरेश्वर पडद्याजवळ गेले. "हा माझा बाप नव्हे रे!"

"आधी होता तो माझा बाप नव्हता," भिकाजी म्हणाले आणि त्यांनी मोरेश्वरांच्या गळ्यातला टॉवेल ओढून घेतला. "उरलेली दाढी दुसरीकडं करून घ्या."