उरलं तर

"तळ दाखव," सुगुणक्का म्हणाली.

मल्लेशमने पातेलं तिरकं केलं. तळाशी बगाऱ्या भाताची चार शितं आणि एक तमालपत्र.

"वांगी?"

"संपली."

"चिंचेचं पच्चिपुलुसू तरी?"

"अक्का, त्यातल्या मिरच्यासुद्धा खाल्ल्या लोकांनी. आता आचारीच तेवढा वाढायचा राहिलाय."

सुगुणक्का हसली नाही. फंक्शन हॉलच्या मागच्या दाराशी सत्तेन्नाची रिक्षा उभी होती आणि रिक्षात तिची तीन रिकामी पिंपं. तिकडे सरकारी दवाखान्याच्या आवारात, कडुलिंबाखाली, साठ माणसं बसलेली असणार. आत ज्यांचं कोणी ना कोणी खाटेवर पडलंय, अशी. रोग्याला जेवण मिळतं, सोबत्याला नाही. सहा वर्षं ती लग्नांतलं उरलेलं नेऊन त्यांना घालत होती. शेवटची पंगत उठेस्तोवर तीन वाजत, तोवर ती माणसं पाणी पिऊन कळ काढत. आज साडेतीन होऊन गेले होते. रविवार, म्हणून कॉलेजांच्या मेस बंद, तिकडचं उरलेलंही नाही. आणि गावात लग्न हे एवढंच.

जेवणघरात पत्रावळी उचलत होते. सुगुणक्का आडवी गेली. एकेक पत्रावळ चाटूनपुसून स्वच्छ. बायकांनी कढीपत्ता तेवढा कडेला काढलेला. सहा वर्षं तिने हॉलाहॉलांतून घसा कोरडा केला होता, 'हवं तेवढंच घ्या, घेतलेलं टाकू नका.' कुणी म्हणून ऐकलं नव्हतं. पुरणाचे अर्धे अर्धे बक्षालू उकिरड्यावर जात आणि गावातली डुकरं माजत. आज लोकांना शहाणपण सुचलं होतं, तर तिला एकेकाच्या पाठीत धपाटा घालावासा वाटत होता.

ती पुन्हा मल्लेशमकडे आली.

"मल्ल्या, खरं सांग. जेवलेली माणसं मी पाहिलीत. एवढ्यांत एवढा भात संपतो होय?"

मल्लेशमने खांद्यावरच्या फडक्याने तोंड पुसलं. "दोन मोठी पातेली सकाळीच बाहेर गेली. मुहूर्ताच्याही आधी. यादगिरी अन्नाने स्वतः टेम्पोत चढवली. परत आली ती हलकी होऊन."

"कुठे गेली होती?"

"मुलीच्या बापाला मी विचारू? मी आचारी आहे अक्का, पोलीस नव्हे."

भावकीत घरपोच गेलं असणार. नाहीतर एखाद्या पुढाऱ्याच्या अंगणात. हाच यादगिरी महिन्यापूर्वी पत्रिका घेऊन तिच्या ओट्यावर बसला होता. किती शिजवू, म्हणून विचारत होता. "खातील तेवढंच शिजव अन्ना," ती म्हणाली होती. "आणि दवाखान्यातल्यांचं?" "त्यांचं काय, उरलं तर नेईन." त्यावर पत्रिका ओट्यावर ठेवून तो उठला होता.

ती तरातरा मांडवात गेली. तिथे मुलीची पाठवणी चाललेली. दुधात बुडवलेले तिचे तळहात यादगिरीने सासूच्या हातांत दिले आणि "माझी बिड्डा आता तुमची" म्हणताना तो लहान पोरासारखा रडायला लागला. अशा माणसाला भात कुठे गेला म्हणून विचारायचं? सुगुणक्का खांबाला धरून उभी राहिली. त्याने तिला पाहिलं. गर्दीवरून हात जोडले. ती मागे वळली.

"माफी मागतोय," रिक्षात बसताना ती म्हणाली. "गिळून झाल्यावर माफी."

"वाटेत बिस्किटं घेऊ या का, अक्का?"

"साठ माणसांना? सकाळपासून उपाशी असलेल्यांना बिस्किटं? चल मुकाट्याने."

पिंपं वाटभर एकमेकांवर आपटत होती. फाटक दिसायला लागलं तसं सत्तेन्नाने हळूच विचारलं, "काय सांगणार त्यांना?"

"खरं तेच. लोक सुधारले, म्हणून तुम्ही उपाशी."

कडुलिंबाखाली रांग नव्हती. एकाच्याही हातात ताटली नव्हती. दोन-चार म्हाताऱ्या बुंध्याशी मुटकुळं करून पडल्या होत्या. वाट बघून बघून बाकीचे उठून गेले, सुगुणक्काला वाटलं. ती लच्चव्वाजवळ मटकन बसली. लच्चव्वाचा मुलगा दोन महिने आत होता. सुगुणक्काने तिला हलवलं.

"लच्चव्वा, उठ. आज मी… आज मला काहीच मिळालं नाही गं."

लच्चव्वाने डोळे चोळले. "कशाला मिळायला हवं? दहा वाजताच टेम्पो आला की. ऊन ऊन भात, भरली वांगी. नवरीच्या बापाने आम्हाला ओळीने बसवलं, वाकून वाकून वाढलं. जेवण अंगावर आलं म्हणून तर सगळी जिथे सावली मिळेल तिथे पडलीत." तिने जांभई दिली. "मी विचारलं त्याला, अय्या, लग्न लागायच्या आधीच एवढं उरलं कसं? तर म्हणाला, हे उरलेलं नाही अम्मा. तुम्ही पोटभर जेवा. तुमचं उरेल ते नेऊन वऱ्हाडाला वाढतो."