मारून राह्यलो

“तुमचा काई दोष नाई साहेब. तुम्ही पडले घाटावरचे, पुण्याकडचे. आमची बोली तुमाले कशी समजन?”

शोभाबाईंनी असं म्हणत चहाचा कप पुढं केला आणि निवृत्त जिल्हा न्यायाधीश वासुदेवरावांचं सगळं अवसान गळालं. नालवाडीच्या घरून देवळीला शोभाबाईंकडं ते एकच गोष्ट कबूल करायला आले होते. त्याआधीच या बाईनं त्यांना माफ करून टाकलं.

तिचा नवरा हरिदास बारा वर्षांपूर्वी पुण्याकडं इमारतीच्या कामावर होता. सोबतच्या गवंड्याशी भांडण झालं, गवंडी स्लॅबवरून पडून मेला. कोर्टात हरिदास खरं तेच बोलला, “मुकादम वर आला तवा मी त्याले मारून राह्यलो होतो.” म्हणजे मारत होतो, दोन थापडा दिल्या अन् त्याचा पाय घसरला. वऱ्हाडातलं शेंबडं पोरही हाच अर्थ सांगेल. तिथल्या वकिलांना मात्र ऐकू आलं, मारून टाकलं आणि तिथंच उभा राहिलो. बचावाच्या वकिलाला जराशी शंका आली. न्यायाधीशाच्या खुर्चीवर वासुदेवराव होते आणि साहेब नागपूरकडचे आहेत असं त्यानं कुठंतरी ऐकलं होतं. याचा अर्थ मारून टाकलं असाच होतो ना, असं त्यानं भर कोर्टात साहेबांना विचारलं.

वासुदेवरावांचा जन्म त्याच वऱ्हाडी बोलीच्या मुलखातल्या रोहण्याचा. पहिल्याच नेमणुकीत कारकुनांनी ‘का’ऐवजी निघणाऱ्या त्यांच्या ‘काऊन’ची नक्कल केली, तेव्हापासून त्यांनी जीभ घासूनपुसून पुणेरी करून घेतली होती.

“ती बोली मला येत नाही,” ते म्हणाले.

हरिदासला जन्मठेप झाली. वरच्या कोर्टानंही तोच कागद वाचला. सातव्या वर्षी तो तुरुंगातच वारला. वासुदेवराव मात्र वर चढत गेले. निकालपत्रांतल्या शुद्ध मराठीबद्दल त्यांचा सत्कारही झाला.

शोभाबाई सांगत होत्या, हे जेलात भेटले की म्हणत, साहेब माणूस वाईट नव्हता, त्याला कळलंच नाही. पोरांनाही त्यांनी तेच सांगून वाढवलं होतं. वासुदेवराव मान खाली घालून ऐकत राहिले. आता बोलावं, असं दोनदा ओठांवर आलं. पण आयती मिळालेली माफी कोण परत करतो? त्यांनी भित्र्यासारखा चहा तेवढा संपवला. छातीवरचा धोंडा उतरला होता, आणि याची त्यांना लाजसुद्धा वाटली नाही.

शोभाबाई आणखी चहा टाकायला उठल्या. वासुदेवरावही उठले. चपला पायात सरकवता सरकवता, घरच्या माणसाशी बोलावं तसं मोकळेपणानं बोलून गेले, “राहू द्या बाई, निघू द्या मले. गाडीवाला वाट पाहून राह्यला.”

शोभाबाईंचा हात पातेल्यावरच थांबला. त्यांनी वळून त्यांच्याकडं नीट पाहिलं.

“साहेब,” त्यांनी विचारलं, “तुमचं गाव कोणतं?”